ऑफिस, सिंहगड आणि २०० किमी: एका रायडरच्या सायकलिंग शूजचं प्रकरण

रायडर ४१ वर्षांच्या, राहायला कोथरूडमध्ये, नोकरी हिंजवडी फेज १ मध्ये. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला सायकलनेच जातात. चांदणी चौक, बावधन आणि पुढे हायवेलगतचा सर्व्हिस रोड, एका बाजूने साधारण १५-१६ किमी. रविवारी खडकवासला किंवा सिंहगड. डिसेंबरात पहिली २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, करायचं ठरलेलं. सायकल अॅल्युमिनियमची एन्ड्युरन्स रोड बाईक, टायर ३२ मिमीचे.

इतकी वर्षं त्या साध्या फ्लॅट पेडलवर चालवत होत्या. जूनमध्ये ऑनलाइन सेलमधून त्यांनी रोड शूज घेतले. कार्बन सोल, तीन बोल्टची क्लीट (शूजच्या तळाला बसणारा आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा), वर आवळायला तारेचा एक डायल, साईज ३९. पेडलं शिमानोची एसपीडी-एसएल, ओळखीतल्या एका जुन्या रायडरने दिलेली. त्यांच्यासोबत लाल रंगाच्या क्लीटही आल्या. शूज निवडताना कसोटी एकच होती, सोल जितका कडक तितका शूज चांगला.

दीड महिन्यात तीन तक्रारी उभ्या राहिल्या. पहिली, ४५-५० किमीनंतर उजव्या पायाच्या चवड्याची आग व्हायची आणि तिसरं-चौथं बोट बधिर पडायचं. दुसरी, सिंहगड चढून आल्यावर उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायची, जिने उतरताना जास्त. तिसरी तक्रार साधी पण सगळ्यात धोक्याची. पावसात ऑफिसच्या पार्किंगमधल्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकायचा, आणि सिग्नलला थांबून निघताना क्लीट पटकन बसायची नाही. एकदा त्या चांदणी चौकाच्या चढावर सायकलसकट आडव्या झाल्या. वेग नव्हता म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं.

पाय मोजले तेव्हा

शूजकडे बघण्याआधी पाय मोजायचे, आणि तेही संध्याकाळी. दिवसभरात पाय थोडे फुगतात, लांब राईडमध्ये तर फुगतातच, त्यामुळे सकाळी घेतलेलं माप फसवं निघतं. राईडला घालतो तेच मोजे घालून भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर सारखं. पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटाच्या टोकाला खूण करायची. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, त्यांनी ते धरायचं. मग चवड्याची रुंदी, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यापासून करंगळीच्या सांध्यापर्यंत.

या प्रकरणात डावा पाय २४.६ सेमी भरला, उजवा २४.९ आणि उजव्या चवड्याची रुंदी ९.९ सेमी. नेहमीच्या चपला-बुटांचा नंबर यूके ६. ऑनलाइन घेताना यूके ६ म्हणजे युरोपियन ३९ असं गृहीत धरलं गेलं आणि गडबड तिथेच झाली. हे रूपांतर प्रत्येक कंपनी आपापल्या परीने करते, म्हणून नंबरावर न जाता कंपनीच्या तक्त्यात पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये शोधावी. शिमानोच्या तक्त्यात ३९ म्हणजे २४.५ सेमी आणि ४० म्हणजे २५.२ सेमी. दोन पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप धरायचं. म्हणजे ३९ त्यांच्या दोन्ही पायांना आखूडच होता.

पुढची चाचणी दोन मिनिटांची आहे आणि कुठल्याही दुकानात करता येते. शूजमधला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि टाच त्याच्या मागच्या कडेला लावून त्यावर उभं राहायचं. इथे उजवी करंगळी आणि तिच्या मुळाचा सांधा इनसोलच्या कडेबाहेर चार-पाच मिलिमीटर उतरत होता. बाहेर आलेला हा भाग शूजमध्ये शिरतो तेव्हा आत दाबला जातो. बोटांच्या हाडांमधून जाणाऱ्या नसा त्यात चेपल्या जातात आणि तिसरं-चौथं बोट बधिर होतं. वर डायल घट्ट केला की दाब आणखी वाढतो. कार्बन सोल हा यातला मूळ दोषी नव्हता, पण तो वाकत नाही आणि पायाला हलायला जागा देत नाही, त्यामुळे चुकीच्या मापाचा त्रास त्यात लवकर जाणवतो.

गुडघा

गुडघ्यासाठी क्लीट पाहिल्या. लाल रंग म्हणजे शून्य अंशाची क्लीट, ती पेडलमध्ये बसली की टाच डावी-उजवीकडे अजिबात हलत नाही. निळीत २ अंश हालचाल (फ्लोट) मिळते, पिवळीत ६ अंश. हा रंगांचा हिशेब शिमानोचा आहे. लुक कंपनीच्या कीओ क्लीटमध्ये काळी शून्य, राखाडी ४.५ आणि लाल ९ अंशांची, म्हणजे लाल रंगाचा अर्थ बरोबर उलटा. दुसऱ्याच्या क्लीट वापरताना हा घोटाळा नेहमी होतो.

उंच टेबलावर बसून पाय सैल लोंबते सोडले तर पाऊल आपल्या नैसर्गिक दिशेला वळतं. त्यांचं उजवं पाऊल स्पष्ट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं, डावं जवळपास सरळ. क्लीट मात्र दोन्ही शूजवर सरळ रेषेत आणि शून्य अंशाच्या. मिनिटाला ७०-८० फेऱ्यांनी तासभर घाट चढायचा आणि प्रत्येक फेरीत पाऊल आत वळवून धरायचं, हा पीळ गुडघ्याने सोसला. शिवाय क्लीट खाचांच्या अगदी पुढच्या टोकाला बसवलेल्या होत्या. त्यामुळे पेडलचा आस बोटांच्या मुळांच्याही पुढे येत होता. पोटरीवर ताण, चवड्याच्या टोकावर दाब, आणि चवड्याची आग आणखी लवकर.

पाय किती वेळा खाली येतो

मापं आणि क्लीट सुधारल्यावर तेच रोड शूज योग्य साईजमध्ये घ्यायचे का, हा खरा प्रश्न उरला. त्यासाठी आठवड्याचा हिशेब मांडला. ऑफिसच्या एका फेरीत पाय जमिनीला टेकतो वीस-बावीस वेळा. पार्किंगपासून लिफ्टपर्यंतची चाल, दूध-भाजीसाठी एखादा थांबा. रविवारी गडावर पिठलं-भाकरीच्या टपरीपर्यंत दगडी वाट. बीआरएममध्ये २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात, पण कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या जागी, शिक्का घ्यायला, पाण्याला, टॉयलेटला सतत उतरावं लागतं. वाईमार्गे पाचगणीला जाऊन परत आलं की साधारण तेवढंच अंतर होतं. त्यात पसरणी घाटात पाय भरून आले तर थोडं चालावंही लागतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तीन बोल्टची आणि दोन बोल्टची, या दोन्ही क्लीट कशासाठी बनल्या ते इथे उपयोगी पडतं. तीन बोल्टची रचना रेसिंगमधून आली. लुकने १९८४ मध्ये असं पेडल बाजारात आणलं आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने त्याच पेडलांवर जिंकली. रेसमधल्या रायडरला वाटेत फारसं चालायचंच नसतं, म्हणून क्लीट मोठी, प्लास्टिकची आणि सोलच्या बाहेर आलेली. शिमानोने १९९० मध्ये आणलेली एसपीडी ही माउंटन बाईकसाठी. तिथे उतरून सायकल ढकलावी लागते, म्हणून क्लीट लहान, धातूची, दोन बोल्टची आणि रबरी सोलच्या खाचेत लपलेली. पुण्याच्या रस्त्यावर ऑफिसला जाणाऱ्या माणसाची गरज दुसऱ्या गटाशी जुळते, मग सायकल रोड बाईक का असेना. सायकल रोडची म्हणून शूजही रोडचेच हवेत, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, आणि त्यापायी बरेच नवे रायडर क्लिप पेडल सोडून देतात.

समोर चार पर्याय होते. जुनेच शूज ठेवून फक्त पिवळ्या क्लीट लावल्या तर गुडघा सुधारला असता, करंगळी तशीच चेपली असती. रुंद साच्याचे रोड शूज घेतले तर बोटंही सुटली असती, पण ओल्या फरशीचा आणि सिग्नलचा प्रश्न जागच्या जागी. पूर्ण फ्लॅट पेडल आणि कडक तळाचे साधे शूज हा पर्याय वाटतो तेवढा मागासलेला नाही. केवळ ऑफिसची ये-जा असती तर आम्ही तोच सुचवला असता. पण चार-पाच तासांनंतर थकलेला पाय फ्लॅट पेडलवर सरकू लागतो, दर थोड्या वेळाने जागा बदलतो आणि गुडघ्याची रेषही बदलत राहते. २०० किमीसाठी पाऊल एका जागी राहिलेलं बरं. म्हणून निवड झाली दोन बोल्टच्या, ग्रॅव्हल किंवा टूरिंग प्रकारच्या शूजची.

कोणते शूज

सोल काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा, मध्यम कडक. एसपीडीची क्लीट लहान असते, त्यामुळे फार मऊ सोल घेतला तर पेडलचा टणक ठिपका तळव्याला टोचतो. फार कडक घेतला तर टाच उचलून चालता येत नाही. दुकानात शूजची टाच आणि टोक धरून वाकवून पाहायचं. क्लीटच्या जागी अजिबात वाकू नये, बोटांच्या पुढे थोडं वाकावं. खोक्यावरचा स्टिफनेसचा आकडा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला ठीक आहे, वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

साईज ४०, रुंद साचा. शिमानोच्या रुंद मॉडेलवर 'ई' लिहिलेलं असतं. बंद करायला चवड्यावर एक वेल्क्रो पट्टा आणि वर एक, दोन्ही स्वतंत्र. एकच डायल असेल तर चवडा सैल आणि घोट्याजवळ घट्ट असं करता येत नाही, आणि रुंद पायाला नेमकं तेच लागतं. शिवाय पट्टा खराब झाला तर कोपऱ्यावरचा चांभारही शिवून देतो, डायलची तार तुटली तर सुटा भाग मागवावा लागतो.

दुकानातला संवाद नेहमीचाच झाला.

"मॅडम, ३९ च घ्या. थोडे वापरले की सैल होतात."

"दादा, हे कातडी नाहीयेत. आत्ताच करंगळी दाबतेय, मग पन्नास किलोमीटरनंतर काय होईल?"

त्यांचं बरोबर होतं. आजच्या बहुतेक सायकलिंग शूजचा वरचा भाग सिंथेटिक असतो, तो जवळपास ताणत नाही. पहिल्या दिवशी दाबतो तो शूज वर्षभरानेही दाबतो. चाळीस नंबर घालून त्या दुकानात पंधरा-वीस मिनिटं फिरल्या आणि जिना चढून आल्या. चढताना टाच शूजमधून वर सरकली नाही, सगळ्यात लांब बोटापुढे सहा-सात मिलिमीटर जागा राहिली, आणि पट्टे त्यांच्या लांबीच्या मध्यावर बसले. म्हणजे पाय फुगला तर सैल करायला आणि मोजे पातळ घातले तर आवळायला, दोन्हीकडे वाव.

जाळीदार शूज घेतले. पावसाळ्यात पाणी आत येतं, पण तेवढ्याच झटकन बाहेरही जातं, आणि मार्च ते मे पायांना हवा लागते. वॉटरप्रूफ शूजमध्ये पाणी घोट्यावरून शिरतं आणि आतच साचतं. भिजलेले शूज उन्हात ठेवू नयेत, चिकटवलेले जोड सुटू शकतात. इनसोल बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, दोन तासांनी बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

पेडल एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅट असं घेतलं. यावर मतं वेगळी असतात. दोन्ही बाजूंना क्लिप असलेल्या पेडलमध्ये बाजू शोधावी लागत नाही. पण चढावरच्या सिग्नलला सपाट बाजूवरून जोर देऊन आधी चौक पार करायचा आणि मग निवांत क्लिप करायचं, ही सोय नवख्या रायडरला फार मोलाची आहे. शिवाय नाक्यापर्यंत चपलेतही जाता येतं.

बसवणी

पेडलांचे आटे दोन्ही बाजूंना सारखे नसतात, डावं पेडल उलट्या आट्यांचं. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी की पाना वरच्या दिशेला उभा धरला तर सायकलच्या पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडलं घट्ट होतात. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय पेडल बसवू नये, नाहीतर वर्षाने काढताना क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) आटे जातात.

शूज घालून अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाचा सांधा बाहेरून चाचपून दोन्हीकडे टेपवर खूण केली. दोन खुणांच्या मधोमध पेडलचा आस यावा, ही सुरुवात. लांब राईड हा मुख्य हेतू असल्यामुळे क्लीट त्याहून पाच मिमी मागे घेतली. उजवी क्लीट अशी वळवली की मोकळं पाऊल ज्या दिशेला जातं ती दिशा फ्लोटच्या मध्यावर येईल. हे करताना टाच क्रँकला घासत नाही ना, तेही पाहावं. बोल्ट एम५ चे, ४ मिमी अॅलन कीने फिरतात. आट्यांना ग्रीस, आणि ५ ते ६ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर). घट्ट केल्यावर क्लीटच्या कडेने मार्करने रेघ मारून ठेवली, म्हणजे ती सरकली तर लगेच कळतं. पुढे बदल करायचा झाला तर एका वेळी दोन मिमी, आणि एका वेळी एकच बदल.

खोक्यात कोणती क्लीट आली आहे ते तिच्यावरचा नंबर वाचून खात्री करून घ्यावी. एसएच५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. एसएच५६ इतर दिशांनाही, जोराने वर ओढल्यावरही सुटते. पहिल्या दोन महिन्यांसाठी आम्ही ५६ सुचवली. चढावर उभं राहून पाय वर खेचायची सवय लागली की ती नको तेव्हा सुटू शकते, तेव्हा ५१ वर जायचं. पेडलच्या स्प्रिंगचा ताण सगळ्यात कमी ठेवला.

शूज आणि पेडल बदललं की सीटची उंचीही बदलावी लागते, हे बहुतेक जण विसरतात. पेडलच्या आसापासून शूजच्या आतल्या तळापर्यंतचं अंतर जुन्या आणि नव्या जोडीत मोजलं. नव्यात पाच मिमी जास्त निघालं. क्लीट मागे घेतल्यामुळे पाय किंचित आखूड पडतो, तो हिशेब वजा करून सीट तीन मिमी वर घेतली.

सरावासाठी आधी भिंतीला धरून दोन्ही पायांचं क्लिप-अनक्लिप वीस-वीस वेळा, मग सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये. आपल्याकडे वाहनं उजवीकडून जातात, म्हणून नेहमी डावा पाय सोडायचा आणि पडलंच तर फूटपाथच्या बाजूला. थांबायच्या दहा-पंधरा मीटर आधी, चाक फिरत असतानाच सोडायचा. थांबल्यावर सोडू म्हटलं की तोल जातोच.

नंतर काय झालं

पहिली राईड खडकवासला, दुसरी सिंहगड. गुडघा दुखला नाही. गडाच्या उतारावर मात्र उजवा पाय सुटेना. टाच वळवली की शूज वळायचा, क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी. हा बिघाड ओळखून ठेवण्यासारखा आहे. क्लीटचा एक बोल्ट पडला किंवा दोन्ही सैल झाले की क्लीट शूजवरच फिरते आणि वळवण्याचा जोर पेडलच्या पकडीपर्यंत पोचत नाही. अशा वेळी झटापट करू नये. दुसरा पाय सोडून सायकल थांबवायची, पट्टे उघडून पाय शूजमधून बाहेर काढायचा आणि मग निवांत शूज पेडलवरून सोडवायचा. इथे कारण सरळ होतं. नवी क्लीट ३०-५० किमी चालल्यावर सोलमध्ये थोडी रुतून बसते, बोल्टचा ताण उतरतो आणि त्यानंतर एकदा परत टॉर्क द्यायचा असतो. तो दिलेला नव्हता.

पानशेतच्या राईडला, साधारण ८० किमी, ६५ नंतर उजव्या बोटांना पुन्हा मुंग्या आल्या, पण पूर्वीच्या मानाने सौम्य. शूजमध्ये दोष नव्हता. जाड सुती मोजे घामाने भिजून फुगले होते आणि चवड्याचा पट्टा सकाळी आवळला तसाच होता. पातळ सिंथेटिक मोजे घातले, चवड्याचा पट्टा दर दोन तासांनी थोडा सैल करायची सवय लावली, आणि मुंग्या थांबल्या. एवढं करूनही बधिरपणा राहिला असता, किंवा सायकलवरून उतरल्यावर अर्ध्या तासानेही गेला नसता, तर पुढची पायरी अस्थिरोगतज्ज्ञ. मधुमेह असलेल्या रायडरने तर पायाचा बधिरपणा क्लीटच्या नावावर ढकलून घरी बसू नये.

बीआरएमच्या तयारीत आता थोडंच उरलं आहे. आदल्या आठवड्यात क्लीटचे चारही बोल्ट तपासायचे आणि खाचेतली माती जुन्या टूथब्रशने काढायची. सीटखालच्या पाऊचमध्ये एक जादा बोल्ट आणि ४ मिमीची की ठेवायची. सीटची उंची, क्लीट आणि मोजे त्या आठवड्यात बदलायचे नाहीत. ३९ नंबरचे कार्बन शूज त्यांनी विकायला काढले आहेत, जाहिरातीत पायाची लांबी २४ सेमी आणि अरुंद चवडा असं स्पष्ट लिहून.